तारीख द्या, पण वाफसाही लिहून द्या

पत्र (थोडं आटोपतं करून):

«सप्रेम नमस्कार. मी चिकलठाण्याकडच्या एका डिझाइन कंपनीत टीम लीड आहे. हाताखाली सात जण, लातूर, परभणी, जालन्याकडची पोरं-पोरी. आम्ही मशीनच्या फिक्स्चरची (काम करताना भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याची) ड्रॉइंग करतो. क्लायंट जर्मनीत, स्टुटगार्टजवळ. चाचणी करणारी टीम ब्राझीलमध्ये, साओ पाउलोला. आमचा तिघांचा कॉल दर मंगळवारी आणि गुरुवारी जर्मनीच्या दुपारी चार वाजता असतो. जर्मन साहेब ठोक्याला हजर. ब्राझीलची मंडळी नोव्हेंबरपासून पंधरा-वीस मिनिटं उशिरा यायला लागलीत आणि आल्यावर आधी गप्पा. आमच्याकडं तेव्हा रात्रीचे साडेआठ. सासूबाई काही बोलत नाहीत, ताट झाकून ठेवतात. गेल्या महिन्यात दोनदा आमची ड्रॉइंग उशिरा गेली. विचारलं की पोरं म्हणतात, ‹करायलोय मॅडम, होईल›, आणि शेवटच्या दिवशी कळतं की झालेलं नाही. परवा जर्मन साहेबांनी आमच्या वरिष्ठांना कॉपीत ठेवून लिहिलं, हे चालणार नाही. मॅनेजर म्हणतात, आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही आणि ब्राझीलवाल्यांची तर संस्कृतीच तशी. मी पोरांना जर्मन शिस्त लावू, की जर्मनांना आपली बाजू समजावून सांगू?»
एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

ताई, पोरांना किंवा जर्मनांना काही सांगण्याआधी घड्याळाकडं बघा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे ‹नोव्हेंबरपासून›. संस्कृती नोव्हेंबरात बदलत नसते, जर्मनीचं घड्याळ मात्र बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढं जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं येतात. भारतात हा प्रकार नाही. ब्राझीलनं तो २०१९ मध्ये बंद केला. तुमचा कॉल जर्मनीच्या चारला बांधलेला आहे. उन्हाळ्यात जर्मनीचे चार म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात आणि साओ पाउलोचे सकाळचे अकरा. ऑक्टोबर संपला की तेच चार म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ आणि साओ पाउलोचे भर दुपारचे बारा. बारा ही तिकडची जेवायची वेळ. पंधरा-वीस मिनिटांच्या उशिराचं एवढं साधं कारण असू शकतं. तीच माणसं ऑक्टोबरपर्यंत वेळेवर येत होती, हे तुमच्याच पत्रातून दिसतं.

म्हणजे कोणी जाणून काही न करता तुमचा कॉल तिघांच्याही वाईट वेळेला जाऊन बसला आहे. ब्राझीलचं जेवण, आपलं जेवण आणि जर्मन माणसाची घरी निघायची वेळ, सगळं एकाच तासात. अशा तासाला कुठल्याही देशाची माणसं एकमेकांवर चिडतीलच.

तिघांना सोयीची वेळ आहे आणि ती शोधायला कागद-पेन पुरतं. साओ पाउलो आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं आहे, बारा महिने. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. आपले संध्याकाळचे सहा धरले तर साओ पाउलोत सकाळचे साडेनऊ होतात, आणि जर्मनीत हिवाळ्यात दुपारचा दीड, उन्हाळ्यात अडीच. तिघंही आपापल्या ऑफिसात असतात, तिघांचंही पोट भरलेलं असतं. निमंत्रण नव्यानं पाठवताना कॅलेंडरमध्ये टाइम झोन भारताचा निवडा (आउटलुकमध्ये तो ‹चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली› या नावानं सापडतो). मग कॉल भारताला बांधला जातो आणि मार्च-ऑक्टोबरला फक्त जर्मनीचा तास सरकतो. जुनं निमंत्रण तुम्ही नुसतं सरकवलंत तर त्याचा झोन जर्मनीचाच राहण्याची शक्यता असते आणि मार्चच्या शेवटी पुन्हा हाच घोळ होईल. म्हणून जुनं रद्द करून नवं करा.

पुढंमागं अमेरिकेतलं कोणी जोडलं गेलं तर एक गोष्ट आधीच वहीत लिहून ठेवा. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, युरोपाबरोबर नाही. त्यामुळं मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक आठवडा सगळ्यांचे फरक विचित्र होतात. चुकलेले कॉल याच आठवड्यांत सापडतात. आणि मेलमध्ये भारतीय वेळेसाठी नुसतं ‹आयएसटी› लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलचीही तीच अक्षरं आहेत. ‹यूटीसी+५:३०›, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढं, असं लिहिलं की वाद उरत नाही.

आता ‹करायलोय मॅडम›. खरा गुंता इथं आहे, आणि मॅनेजरसाहेब म्हणतात तसा तो वेळेच्या किमतीचा नाही.

आपल्याकडं ‹करायलोय› या एका शब्दात किती अवस्था मावतात ते बघा. फाइल अजून उघडलेली नाही, पण मनात आहे. उघडली आहे, पण क्लॅम्पचं माप आलेलं नाही म्हणून थांबलोय. निम्मं झालंय. झालंय, फक्त तपासायचं राहिलंय. चारही वेळा पोरगा ‹करायलोय› म्हणतो आणि चारही वेळा खोटं बोलत नाही, कारण काम त्यानं मनावर घेतलेलं आहे. तुम्ही त्याचं इंग्रजी करून ‹काम चालू आहे› असं जर्मनीला कळवता. तिकडं त्याचा अर्थ एकच निघतो की माणूस आत्ता त्या ड्रॉइंगवर बसलाय आणि ठरल्या दिवशी देणार आहे.

‹होईल›चंही तसंच. थोरामोठ्यानं किंवा गिऱ्हाइकानं काही मागितलं तर तोंडावर ‹नाही› म्हणणं आपल्याकडं माणसाला नाही म्हणण्यासारखं असतं. ‹होईल› म्हणजे तुमचा मान राखला, जमेल तेवढं करतो. तारखेचा वायदा त्यात नसतो. जर्मन ऑफिसात तारीख म्हणजे साखळीतली कडी असते. तुमचं ड्रॉइंग गुरुवारी येणार म्हणून शुक्रवारी सकाळी सीएनसी मशीन रिकामं ठेवलेलं असतं, स्टीलची ऑर्डर गेलेली असते, ऑपरेटरची पाळी लावलेली असते. ड्रॉइंग आलं नाही की तिथल्या माणसाला आणखी तिघांपुढं उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या मेलमधला राग तुमच्या पोरांवर कमी आणि त्या रिकाम्या मशीनवर जास्त असण्याची शक्यता आहे.

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल यांनी वेळ वापरायच्या या दोन तऱ्हा वेगळ्या करून दाखवल्या. एका तऱ्हेत माणूस एका वेळी एक काम घेतो, वेळापत्रक मोडत नाही. दुसरीत एका वेळी चार कामं चालतात आणि समोर आलेल्या माणसाला वेळापत्रकापेक्षा मोठं मानलं जातं. जर्मनीचं उदाहरण पहिल्या तऱ्हेला दिलं जातं, लॅटिन अमेरिकेचं दुसऱ्या. आपल्याला हे परक्याकडून शिकायची गरज नाही, कारण मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला दुसरी वेळ ठाऊक आहे. पेरणी आपण तारखेवर करत नाही, वाफशावर करतो, म्हणजे जमिनीत पेरणीजोगा ओलावा आला की. मूठभर काळी माती दाबायची, लाडू झाला आणि खाली टाकल्यावर फुटला की तिफण जुंपायची. चिकटून राहिला तर थांबायचं, मग मृग निघून गेला तरी चालेल. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, तिथं दिवस लवचीक ठेवणारा माणूस शहाणाच म्हणायचा. तुमची पोरं त्या शहाणपणातून आलेली आहेत. त्याला वेळेची किंमत नसणं म्हणणं अन्याय आहे, आणि हे तुम्ही मॅनेजरसाहेबांना सांगायला हवं.

पण वाफशाची आणखी एक बाजू आहे आणि तुमचं उत्तर तिच्यात आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ पेरणीची नुसती तारीख देत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं सांगतं. म्हणजे अट आहे, पण मोजता येणारी. पर्जन्यमापकात बघितलं की कळतं. तुमची टीम चुकते ती एवढ्यातच. काम वाफशावर चालतं आणि मेलमध्ये मात्र नुसती तारीख जाते. अट पोटात राहते. चाचणीचा अहवाल आलेला नाही, माप पक्कं झालेलं नाही, हे पोराला ठाऊक असतं. जर्मनीला ठाऊक नसतं.

म्हणून यापुढं तारखेबरोबर अट लिहा. असं:

«फिक्स्चर क्र. ४. साओ पाउलोचा चाचणी अहवाल आणि क्लॅम्पची पक्की मापं मिळाल्यापासून कामाचे ३ दिवस. दोन्ही गोष्टी सोमवारी २ फेब्रुवारीला १८:०० (यूटीसी+५:३०) पर्यंत मिळाल्या, तर ड्रॉइंग गुरुवारी ५ फेब्रुवारीला १८:०० ला पाठवू. न मिळाल्यास तेवढेच दिवस पुढं जाईल. काय मिळालं आणि काय नाही, ते मंगळवारी ३ तारखेला सकाळी कळवू.»

मंगळवारी सकाळी दहाला तुम्ही लिहिलंत की जर्मन माणूस सकाळी आठला संगणक उघडतो तेव्हा ते त्याच्यासमोर असतं. शुक्रवारचं मशीन दुसऱ्या कामाला द्यायला त्याच्या हातात तीन दिवस असतात. हीच खबर गुरुवारी संध्याकाळी पोचली तर काहीच उरत नाही. उशीर तेवढाच, पण एक व्यवहार राहतो आणि दुसरा वचनभंग होतो.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. ‹सगळी माहिती व्यवस्थित मिळाल्यावर› ही अट नाही, कारण व्यवस्थित म्हणजे काय ते मोजता येत नाही. फाइलचं नाव, मापाचं नाव, कोणाकडून, हे सगळं लिहा. आणि एका कामाला दोनपेक्षा जास्त अटी लावू नका. पाच अटी वाचल्या की समोरच्याला पळवाट वाटते, आणि बहुतेक वेळा ती असतेच. अट लिहिली म्हणजे हात झटकले, असंही समजू नका. साओ पाउलोला आदल्या दिवशी ‹अहवाल उद्या येतोय ना, काही अडलंय का› हे विचारणं तुमच्याकडंच राहतं.

पोरांना विचारायची तऱ्हाही बदला. ‹गुरुवारपर्यंत होईल ना?› या प्रश्नात उत्तर तुम्हीच देऊन टाकलेलं असतं. त्या ‹ना›ला ‹नाही› म्हणायची छाती नव्या पोराला कुठून येणार? तुमच्या तोंडून तारीख निघायच्या आधी त्याला त्याची तारीख कागदावर लिहू द्या. मग विचारा, यासाठी तुला काय मिळायला हवं, आणि काय अडू शकतं. त्यानं गुरुवार लिहिला आणि तुमच्या मनात मंगळवार होता, तर त्याला मंगळवारावर ढकलू नका. काम दोन तुकड्यांत देता येतं का ते बघा. हिशेब करताना आठ तासांच्या दिवसात ड्रॉइंगला सलग पाच-साडेपाच तासच मिळतात असं धरा. बाकीचा वेळ मेल, कॉल आणि जुन्या कामाच्या दुरुस्तीत जातो. तपासणीचा अर्धा दिवस आणि तपासणीनंतरच्या दुरुस्तीचा अर्धा दिवस वेगळा लिहा. मुदत हुकते ती बहुतेक वेळा या शेवटच्या एका दिवसात, कारण तो कुणी धरलेलाच नसतो.

‹करायलोय› बोलण्यात राहू दे, ती आपली भाषा आहे. कामाच्या तक्त्यात मात्र चारच शब्द ठेवा: घेतलं नाही, सुरू, तपासणीत, पाठवलं. ‹सुरू›समोर टक्के लिहायला लावू नका. ८० टक्के झालेलं काम आठवडाभर ८० टक्केच राहतं, हे तुम्हीही बघितलं असेल. त्याऐवजी ‹७ पैकी ५ ड्रॉइंग तपासून झाली, २ राहिली› असं मोजून लिहायला लावा. आणि कामाच्या मुदतीच्या मधोमध एक थांबा ठेवा. तीन दिवसांचं काम असेल तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं तक्ता बघायचा. त्या वेळी निम्मं झालेलं नसेल तर उशिराची खबर त्याच दिवशी जाते, शेवटच्या दिवसाची वाट बघायची नाही.

या खबरीत चार गोष्टी हव्यात: कुठलं काम, नवी तारीख आणि तास, कारण एका ओळीत, आणि आत्ता काय देता येईल. ‹फिक्स्चर ४ गुरुवारऐवजी शुक्रवारी १५:०० ला (यूटीसी+५:३०). क्लॅम्पचं माप सोमवारी बदललं. आज पहिल्या तीन शीट पाठवतोय, त्यावर स्टीलची ऑर्डर देता येईल.› एवढंच. आपल्याला वाटतं की लांबलचक माफी मागितली की समोरचा निवळेल. पण जर्मन वाचकाला माफीच्या आठ ओळींत तारीख शोधावी लागते आणि तो आणखी वैतागतो. आणि पोरानं उशिराची खबर वेळेत आणली की त्याला रागावू नका. एकदा रागावलात की पुढच्या वेळी ती खबर शेवटच्या दिवशीच येईल.

वेळेचे काही शब्द मात्र मेलमधून सरळ काढून टाकावे लागतील. तुमच्या पत्रातला ‹परवा›च बघा. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही, आपल्याला संदर्भानं कळतो. पोरं मनात ‹परवा देतो› म्हणतात आणि इंग्रजीत ‹एक-दोन दिवसांत› लिहितात. जर्मन भाषेतही असा खड्डा आहे. ‹हाल्ब फीअर› म्हणजे शब्दशः अर्धा चार, पण अर्थ साडेतीन. इंग्लंडचा माणूस मात्र ‹हाफ फोर› म्हणाला तर त्याला साडेचार म्हणायचं असतं. जर्मन माणूस घाईत इंग्रजीतून अर्धा चार म्हणाला की विचारून घ्या. लिहिताना तास चोवीस तासांच्या घड्याळात आणि महिना अक्षरात लिहा. ०५/०६ ला जर्मनीत ५ जून म्हणतील आणि अमेरिकेत ६ मे.

‹शुक्रवारपर्यंत›वर तर वेगळं बोलायला हवं, कारण तुमच्या दोनपैकी एखादं ड्रॉइंग तिथंच अडकलं असेल. आपल्या मनात शुक्रवार रात्री बारापर्यंत चालतो. जर्मनीत पुष्कळ ऑफिसं शुक्रवारी दुपारनंतर रिकामी व्हायला लागतात. हिवाळ्यात त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आपले साडेचार. तुमच्या पोरानं शुक्रवारी रात्री अकराला ड्रॉइंग पाठवलं तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, म्हणजे ते उघडलं गेलं सोमवारी. पोरगा म्हणतो शुक्रवारी दिलं, साहेब म्हणतात सोमवारी आलं. दोघंही खरं बोलतात. शुक्रवारची मुदत मागितली की आपल्याकडं ती शुक्रवार १५:०० अशीच लिहा.

जर्मन मेलमध्ये ‹केडब्ल्यू ६› असंही येईल. म्हणजे कालेंडरवोखे, वर्षातला सहावा आठवडा. त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा क्रमांक एक. २०२६ मध्ये सहावा आठवडा २ ते ८ फेब्रुवारी. ‹केडब्ल्यू ६ अखेर› म्हणजे शुक्रवार ६, रविवार नव्हे. तुमची पोरं एक्सेलमध्ये आठवडा काढताना ‹वीकनम› वापरत असतील तर ते थांबवा, ‹आयएसओवीकनम› वापरा. २०२६ मध्ये सोमवार ते शनिवार दोघांचं उत्तर सारखंच येतं, त्यामुळं चूक दिसणार नाही. २०२७ मध्ये १ जानेवारी शुक्रवारी आहे, आणि साधं ‹वीकनम› वर्षभर एक आठवडा पुढचा आकडा दाखवील.

कॉलच्या गप्पांकडं वळूया. ब्राझीलची माणसं आधी घरचं विचारतात, मग कामाचं. त्यांना ते काम सुरू करण्याचाच भाग वाटतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही वाटतं. जर्मन माणसाला तोच वेळ वाया गेलेला दिसतो, कारण निमंत्रणात सहा लिहिलंय आणि सहाला काम सुरू नाही. भांडण फक्त निमंत्रणात काय लिहिलंय याचं आहे. तर तसंच लिहा: १८:०० ते १८:०५ गप्पा, १८:०५ ला पहिला मुद्दा, १८:४० ला समाप्ती. ज्याला गप्पा नकोत तो १८:०५ ला येईल आणि त्याला कुणी उशिरा आला म्हणणार नाही. पहिला मुद्दा असा ठेवा ज्याचा निर्णय होणार आहे. नुसती माहिती वाचून दाखवणं शेवटी. उशिरा आलेल्यासाठी झालेलं पुन्हा सांगू नका, ते टिपणात वाचतील. पुन्हा सांगितलं की वेळेवर आलेल्याचा वेळ दोनदा जातो आणि पुढच्या वेळी तोही उशिरा येतो. आपल्या बाजूनं तीन मिनिटं आधी जोडून, माइक तपासून, फाइल उघडून बसा. ठोक्याला जोडायला घेतलं की बोलायला ठोका चुकतोच.

लाइट गेली, लाइन गेली, ही कारणं खरी असली तरी तिसऱ्यांदा सांगितली की सबब वाटतात. इन्व्हर्टर असूनही राउटर त्यावर जोडलेला नसतो, हे आधी बघा. नसेल जमत तर राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. मोबाइलचा हॉटस्पॉट ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचा असावा. आणि तुमची लाइन तुटली तर तुमच्याऐवजी कोण बोलणार त्याचं नाव आधीच ठरलेलं असू द्या. ते नाव जर्मनीलाही सांगून ठेवा.

मॅनेजरसाहेब ‹संस्कृतीच तशी› म्हणतात त्याला कदाचित आधार असेल म्हणून सांगतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांच्या गटानं ३१ देशांत तीन गोष्टी मोजल्या: माणसं ६० फूट किती वेळात चालतात, टपाल कचेरीत तिकीट किती वेळात मिळतं, आणि बँकांमधली घड्याळं किती बरोबर आहेत. १९९९ मध्ये ते छापून आलं. स्वित्झर्लंड पहिलं, जर्मनी तिसरं, ब्राझील २९ वं. भारत त्यात नव्हताच. पण तो रस्त्यावरचा वेग आहे. साओ पाउलोतला अमुक इंजिनिअर अहवाल कधी देईल, हे त्यातून कळत नाही. देशाच्या नावावरून माणसाचा अंदाज बांधला की नोव्हेंबरचं घड्याळ दिसत नाही, तुमच्याकडं झालं तसंच.

आता जर्मन साहेबांना काय लिहायचं. आपली बाजू समजावून सांगणारं पत्र नको. तीन ओळी पुरेत. दोन ड्रॉइंग उशिरा गेली आणि आम्ही ते आधी कळवलं नाही, ही चूक आमची. यापुढं प्रत्येक तारखेसोबत अट आणि मधली खबर येईल, नमुना सोबत आहे. आणि कॉल आमच्या १८:०० ला, म्हणजे तुमच्या १३:३० ला न्यावा अशी विनंती, कारण आत्ताची वेळ साओ पाउलोच्या जेवणाची आणि आमच्या रात्रीची आहे. कॉपीत तेच वरिष्ठ ठेवा. ब्राझीलच्या टीमला मात्र आधी फोनवर विचारा, साडेनऊ चालेल का. त्यांना परस्पर मेल गेला तर बरं वाटणार नाही.

कधी रात्रीचा कॉल टळलाच नाही तर संकोच न करता दुसऱ्या दिवशीची सुरुवात उशिरा मागा. जर्मन कायद्यात कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती आहे, आणि दिवसाला १० तासांपेक्षा जास्त काम नाही. साहेब संध्याकाळी उत्तर देत नाहीत त्यामागं हेही आहे. तोच ११ तासांचा हिशेब आपल्याला लावा: रात्री साडेनऊला संपलं तर सकाळी साडेआठच्या आधी काही नाही. ही भाषा त्यांना लगेच कळते. अशा कॉलला दर वेळी तुम्हीच बसायचं नाही, सातांपैकी दोघांना तयार करा आणि महिन्यानं बदला.

शेवटचं, सुट्ट्यांचा एकच तक्ता तिघांनी मिळून करा आणि तीन महिन्यांचा पुढचा भाग कायम भरलेला ठेवा. जर्मनीत सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. ६ जानेवारीला स्टुटगार्टला सुट्टी असते, हॅम्बुर्गला नसते. एखादी सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारही बहुतेक जण जोडून घेतात, आणि ऑगस्टमध्ये उत्तरं मंदावतात. ब्राझीलचा कार्निव्हल २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीच्या मंगळवारी संपतो, म्हणजे फिक्स्चर ४ ची चाचणी त्या आठवड्यात धरूच नका. आणि आपल्या बाजूचे दिवस लिहायला लाजू नका. संगणकातल्या भारतीय सुट्ट्यांच्या यादीत महालक्ष्म्या नसतात, पण त्या तीन दिवसांत तुमच्या टीममधल्या निम्म्या पोरींचं आणि तुमचंही मन कॉलमध्ये नसणार. पोळा लिहा. १७ सप्टेंबरची सकाळ मुक्तिसंग्रामाच्या ध्वजवंदनाची, तेही लिहा. लातूरकडच्या पोरांसाठी येळवस लिहा, आणि समोर एक ओळ: या दिवशी हे लोक शेतात जेवतात, फोन लागणार नाही. आपल्या ऐनवेळच्या रजेला साहेब कंटाळलेले असतील. तीन महिने आधी तक्त्यात लिहिलेल्या रजेला मात्र ते हात लावणार नाहीत.